ब्रिस्केटचं गुलाबी वलय नक्की काय सांगतं?

दोन वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत एक पाहुणे प्राध्यापक आले होते. टेक्सासला आलेल्या पाहुण्याला बार्बेक्यू खाऊ घालायचं, हा इथला शिरस्ता. ठिकाण शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी ते संशोधनाच्या विद्यार्थ्याला शोभेल अशा थाटात केलं. तासाभराच्या अंतरातल्या सगळ्या बार्बेक्यू रेस्टॉरंटची यादी केली, तारे लिहिले, लोकांनी टाकलेले फोटो बघितले. ब्रिस्केटच्या कापाच्या कडेला गुलाबी पट्टा असतो, त्याला ‘स्मोक रिंग’ म्हणतात. तो चांगल्या ब्रिस्केटची खूण, असं मी ऐकलं होतं. म्हणून ज्याचं वलय सगळ्यात रुंद आणि गडद, ते ठिकाण निवडलं.

वलय खरोखरच सुरेख होतं. मांस मात्र कोरडं. चावून चावून जबडा दुखला. पाहुणे सज्जन होते, काही बोलले नाहीत. परतताना गाडीत एवढंच विचारलं, “तू हे ठिकाण कशावरून निवडलंस?” मी वलयाचं सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे तू वलय मोजलंस. मांस मोजलं नाहीस.”

त्या वाक्याने पुढे माझा पीएचडीचा प्रस्ताव वाचवला. ते कसं, हे शेवटी सांगते. आधी ब्रिस्केट समजून घेऊ. हा लेख वाचायला बीफ खायची गरज नाही. तुम्ही खात नसाल, तर हे पदार्थविज्ञानाचं एक प्रकरण समजा. पण ‘अमुक चांगलं आहे’ हे सिद्ध कसं करायचं, हा प्रश्न तुमच्याही संशोधनात येणार आहे. म्हणून शेवटपर्यंत वाचा.

ब्रिस्केट इतकं अवघड का?

ब्रिस्केट म्हणजे गुराच्या छातीचा, पुढच्या दोन पायांमधला भाग. आपल्या गळ्याखाली खांद्याला छातीशी जोडणारं जे हाड असतं, ते गुरांना नसतं. त्यामुळे शरीराच्या पुढच्या भागाचा बराच भार या छातीच्या स्नायूंवर येतो. सतत राबणाऱ्या स्नायूत कोलॅजन जास्त असतं. कोलॅजन म्हणजे स्नायूंच्या तंतूंना बांधून ठेवणारं चिवट प्रथिन. म्हणून हा तुकडा नुसता भाजला तर चामड्यासारखा लागतो.

यात दोन स्नायू असतात. एक सपाट, कमी चरबीचा, त्याला ‘फ्लॅट’ म्हणतात. दुसरा त्याच्यावर बसलेला, जाड आणि चरबीदार, तो ‘पॉइंट’. दोघांच्या तंतूंची दिशा वेगळी, चरबी वेगळी, पण शिजतात एकाच वेळी, एकाच तुकड्यात. पॉइंट मऊ होईपर्यंत थांबलात तर फ्लॅट कोरडा पडण्याची भीती. म्हणजे पहिल्यापासून ही दोन विरोधी अटींची कसरत आहे.

कोलॅजन ओल्या उष्णतेत हळूहळू विरघळून जिलेटिन होतं. मांस साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की याला वेग येतो, पण नुसतं तापमान पुरत नाही, वेळही लागतो. म्हणून टेक्सासचे पिटमास्टर, म्हणजे भट्टी सांभाळणारे मुख्य आचारी, साधारण १०७ ते १३५ अंशांच्या धुरकट हवेत ५-६ किलोचा तुकडा दहा-बारा तास, कधी त्याहून जास्त ठेवतात. आतलं तापमान ९३ ते ९६ अंशांच्या आसपास पोचलं की तो उतरवतात. पण इतक्या वेळात पाणीही उडत असतं. कोलॅजन विरघळायला वेळ द्यायचा आणि तेवढ्यात मांस सुकू द्यायचं नाही, ब्रिस्केटचं सगळं कौशल्य या दोन वाक्यांच्या मध्ये आहे.

मध्येच थांबणारं तापमान आणि एक ओला स्पंज

ब्रिस्केट शिजताना एक विचित्र गोष्ट घडते. आतलं तापमान छान चढत असतं आणि ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान कुठेतरी अडकतं. भट्टी तशीच पेटलेली, पण काटा काही तास हलत नाही. याला ‘स्टॉल’ म्हणतात.

याचं कारण काय? बरीच वर्षं लोक सांगत, की कोलॅजनचं जिलेटिन होताना उष्णता त्यात खर्च होते. कोणी म्हणे, चरबी वितळताना उष्णता शोषली जाते. दोन्ही ऐकायला पटण्यासारखी. भौतिकशास्त्रज्ञ ग्रेग ब्लॉन्डर यांनी हे तपासायला अगदी साधा प्रयोग केला. मांसाच्या जोडीला त्यांनी नुसत्या चरबीचा गोळा आणि पाण्यात भिजवलेला स्पंज तापवला. चरबीचं तापमान न अडखळता चढत गेलं. स्पंज मात्र मांसासारखाच अडकला. स्पंजात कोलॅजन नाही, चरबी नाही, फक्त पाणी आहे. म्हणजे अडवणारं कारण पृष्ठभागावरून होणारं बाष्पीभवन.

आपल्याला हे नवीन नाही. माठातलं पाणी याच कारणाने गार राहतं. भांड्याच्या अंगातून पाणी झिरपतं, उडतं, जाताना उष्णता घेऊन जातं. मुंबईच्या दमट हवेत माठ नागपूरइतका गार होत नाही, तेही यामुळेच. ब्रिस्केटसुद्धा स्टॉलच्या वेळी घाम गाळणारा माठच असतो. म्हणून अनेक पिटमास्टर तो या टप्प्यावर जाड कागदात किंवा फॉइलमध्ये गुंडाळतात. बाष्पीभवन कमी झालं की काटा पुन्हा चढू लागतो.

या स्पंजाकडे नीट बघा. संशोधन पद्धतीच्या तासाला ‘कंट्रोल’ची व्याख्या आपण पाठ करतो. इथे तीच व्याख्या दीडदमडीच्या स्पंजात दिसते. ज्या गोष्टीला कारण मानलं जातंय, ती काढून टाका आणि परिणाम राहतो का बघा. राहिला, तर कारण दुसरं आहे.

ठिकाण कसं शोधायचं?

आता माझ्या चुकीकडे येऊ. चांगलं ठिकाण शोधताना आपल्या हाती तीन प्रकारची माहिती असते: तज्ज्ञांच्या याद्या, लोकांचे तारे आणि तिथे गेल्यावर डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा.

याद्यांमध्ये सगळ्यात मान ‘टेक्सास मंथली’ या मासिकाच्या पन्नास सर्वोत्तम ठिकाणांच्या यादीला. ती दरवर्षी येत नाही. २००८, २०१३, २०१७, २०२१ अशी चार-पाच वर्षांच्या अंतराने आली. मासिकाची माणसं राज्यभर फिरून खातात आणि वरच्या ठिकाणांना पुन्हा भेट देतात. मासिकाने २०१३ साली डॅनियल व्हॉन यांना पूर्णवेळ बार्बेक्यू संपादक म्हणूनच नेमलं. म्हणजे बघणारे अनुभवी, नमुना मोठा, तुलना एका राज्यातली.

तरी यादी वाचताना तारीख बघायची. पिटमास्टर नोकरी बदलतात, मालक दुसरी शाखा काढतात. शिवाय यादी स्वतःच परिस्थिती बदलते. लेक्सिंग्टन या छोट्या गावातलं स्नोज बार्बेक्यू फक्त शनिवारी उघडतं. २००८ साली मासिकाने त्याला पहिला क्रमांक दिला. तोवर बाहेर फारसं कोणाला माहीत नसलेल्या त्या ठिकाणी मग पहाटेपासून रांगा लागायला लागल्या. यादी करताना जे ठिकाण मोजलं, ते यादी छापून आल्यावर तेच राहिलं नाही. मागणी कित्येक पट झाली तरी दर्जा टिकला का, हे जुन्या मोजमापावरून कळत नाही, पुन्हा मोजावं लागतं. स्नोजच्या बाबतीत २०१७ च्या यादीत पुन्हा पहिला क्रमांक आला, म्हणजे तो टिकला होता. पण हे आपल्याला दुसऱ्या मोजमापामुळे कळलं.

ताऱ्यांचं गणित जास्त निसरडं. तारे कोण देतं? जे खूप खूश झाले ते आणि जे खूप चिडले ते. ‘ठीक होतं’ म्हणणारा माणूस घरी जाऊन झोपतो. त्यात तीन तास रांगेत उभं राहिलेल्या माणसाला ‘उगाच उभा राहिलो’ असं स्वतःशी कबूल करणं जड जातं. चार-साडेचार ताऱ्यांमध्ये रांगेचा, गावाच्या हौसेचा, गोड बोलणाऱ्या मालकाचा वाटा किती आणि मांसाचा किती, हे वेगळं काढता येत नाही. मी मात्र ते आकडे दशांश चिन्हासकट एक्सेलमध्ये भरले होते!

मग राहतात डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा. प्रत्येक खूण नक्की काय सिद्ध करते, ते बघू.

रेस्टॉरंटच्या मागे रचलेली लाकडं. मध्य टेक्सासात बहुतेक पोस्ट ओक, म्हणजे ओकचीच एक जात. लाकडांचा ढीग आणि लाकडी भट्टी दिसली तर इथे खरा विस्तव आहे, एवढं कळतं. विस्तव सांभाळणारा हात कसा आहे, हे कळत नाही. आवश्यक अट, पण पुरेशी नाही.

धुराचा रंग. नीट हवा मिळालेला विस्तव पातळ, निळसर धूर देतो. घुसमटलेला विस्तव दाट पांढरा धूर सोडतो आणि त्यातली कडवट द्रव्यं मांसावर बसतात. ही खूण जास्त उपयोगी, कारण तिचा चवीशी थेट संबंध आहे. लाकडातल्या लिग्निनपासून ग्वायकॉल, सिरिंगॉल अशी सुगंधी संयुगं तयार होतात, त्यांनाच आपण धुराची चव म्हणतो. अर्थात भट्टी पेटवताना किंवा नवं लाकूड घालताना कोणाचाही धूर थोडा वेळ पांढरा होतो. एकदा डोकावून निकाल देऊ नका.

‘संपलं’ची पाटी. दुपारी एक-दोनलाच माल संपत असेल तर कालचं गरम करून देत नसावेत, असा अंदाज करता येतो. बारा तासांचा पदार्थ मागणी वाढली म्हणून दुपारी नव्याने करता येत नाही. त्यामुळे रात्री दहापर्यंत न संपणारं ब्रिस्केट दिसलं, की ते उतरवल्यावर किती तास गरम कपाटात होतं, हा प्रश्न मनात यायला हवा. गरम कपाटात काही तास विश्रांती मिळणं वाईट नाही, उलट चांगली रेस्टॉरंटं ती मुद्दाम देतात. किती तास आणि कसं, इथे फरक पडतो.

वजनावर विक्री आणि खाली कागद. मध्य टेक्सासातली ही पद्धत एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन आणि चेक स्थलांतरितांच्या खाटीकखान्यांतून आली. न खपलेलं मांस धुरवून ते गुंडाळायच्या कागदावरच विकत. लॉकहार्ट गावातलं क्रॉइट्झ मार्केट १९०० सालचं, ब्लॅक्स १९३२ सालचं. पण कागद आज कोणीही अंथरू शकतं. परंपरेची खूण आणि दर्जाची खूण या दोन वेगळ्या गोष्टी.

फलकावर लिहिलेलं ‘प्राइम’. अमेरिकी कृषी खात्याच्या या प्रतवारीत मांसात विखुरलेल्या चरबीला मोठं महत्त्व असतं. पण ती चरबी बघतात कुठे? बाराव्या आणि तेराव्या बरगडीच्या मध्ये पाठीचा स्नायू कापून, तिथे. ब्रिस्केटवर नाही. पाठीच्या एका स्नायूवरून छातीच्या दुसऱ्या स्नायूबद्दल अंदाज बांधलेला असतो. अंदाज बऱ्यापैकी चालतो, पण तो अंदाज आहे हे विसरायचं नाही.

आणि ते गुलाबी वलय?

मांसाचा लाल रंग मायोग्लोबिन या प्रथिनामुळे असतो. शिजलं की त्याचा आकार बिघडतो आणि मांस करडं-तपकिरी होतं. पण जळणाऱ्या लाकडातून नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड हे वायू निघतात. ते मांसाच्या ओल्या पृष्ठभागात विरघळून आत शिरतात आणि मायोग्लोबिनमधल्या लोहाला चिकटतात. मग तो भाग शिजल्यावरही गुलाबी राहतो. वायू जिथवर पोचले, तिथवर वलय. आतलं मांस तापून त्यातलं मायोग्लोबिन बिघडलं की वलय वाढायचं थांबतं.

आता विचार करा. या सगळ्या रसायनशास्त्रात कोलॅजन कुठे आलं? रसदारपणा कुठे आला? कुठेच नाही. वलय सांगतं, की सुरुवातीला मांस थंड आणि ओलं होतं आणि आजूबाजूला हे वायू होते. नंतरच्या आठ-दहा तासांत त्याचं काय केलं, हे वलयाला माहीतच नाही. शिवाय धूर नसलेल्या गॅसच्या ओव्हनमध्येही ज्वलनाच्या वायूंमुळे मांसाची कड गुलाबी होऊ शकते. आणि ज्याला फसवायचंच आहे, तो नायट्राइट असलेलं मीठ चोळून धुराशिवाय वलय आणू शकतो.

मग वलयाची इतकी ख्याती का? कारण पूर्वी खऱ्या विस्तवावर निगुतीने शिजवणाऱ्यांच्या मांसाला वलय यायचं आणि त्यांचं मांस चांगलंही असायचं. दोन गोष्टी सोबत दिसल्या, लोकांनी एकीला दुसरीचा पुरावा मानलं. संशोधनाच्या भाषेत वलय हा ‘निर्देशक’ झाला: जे मोजायचंय ते अवघड, म्हणून त्याच्या सोबत दिसणारं सोपं काहीतरी मोजायचं. निर्देशक वापरणं चूक नाही. तो मूळ गोष्टीला कोणत्या दोरीने बांधलेला आहे आणि ती दोरी कुठे तुटते, हे माहीत नसणं चूक.

ताटात आल्यावर काय तपासायचं?

मांस मोजायचं तर मांसच तपासायला हवं. आता मी असं करते.

१. फ्लॅट आणि पॉइंट दोन्ही मागायचे. काउंटरवर ‘लीन’ आणि ‘मॉइस्ट’ किंवा ‘फॅटी’ म्हटलं की कळतं. थोडं थोडं, पण दोन्ही. खरी परीक्षा लीनची. पॉइंटमधली चरबी बऱ्याच चुका झाकते, फ्लॅटला झाकायला काही नसतं.

२. तुमच्यासमोर कापलेलं घ्यायचं. कापून ठेवलेला तुकडा काही मिनिटांत वाळायला लागतो. तंतूंना आडवं कापलंय का बघायचं. उभं कापलं तर उत्तम शिजलेलं मांसही चिवट लागतं आणि दोष भट्टीला मिळतो.

३. पेन्सिलीएवढ्या जाडीचा काप बोटावर आडवा टाकायचा. तो दोन्ही बाजूंनी न तुटता झुकला पाहिजे. मग दोन टोकं धरून हलकेच ओढायचं. थोडा विरोध करून सुटला, तर बरोबर. रबरासारखा ताणला, तर कोलॅजन अजून विरघळलेलं नाही. हात लावताच भुगा झाला, तर जास्त शिजलंय. ‘तोंडात टाकताच विरघळलं’ ही स्तुती लोक फार करतात, पण ब्रिस्केटला ती नेहमी शोभत नाही.

४. चरबी बघायची. नीट शिजलेली चरबी जवळजवळ पारदर्शक, जेलीसारखी दिसते. पांढरी, घट्ट, दाताला करकरणारी चरबी म्हणजे काम अर्धवट राहिलंय.

५. वरची काळी साल, म्हणजे ‘बार्क’. ती मीठ-मिरी, धूर, वितळलेली चरबी आणि प्रथिनांच्या तपकिरी होण्याच्या अभिक्रियांनी बनते. ती मांसाला घट्ट धरून असावी आणि खमंग लागावी. काळी दिसते म्हणून करपलेली समजू नका. पण जिभेवर कडवटपणा आणि बधिरता रेंगाळली, तर धूर घाणेरडा होता.

६. पहिला घास सॉसशिवाय. सॉस वाईट नसतो, पण तो सगळ्यांना सारखं करतो. फरक शोधायचा तर आधी फरक मिटवणारी गोष्ट बाजूला ठेवायची.

वलय या यादीत नाही. दिसलं तर फोटो जरूर काढा.

जिभेवर किती विश्वास ठेवायचा?

‘हे सगळं व्यक्तिनिष्ठ आहे, मोजणार कसं?’ हा प्रश्न तुम्ही विचाराल. बार्बेक्यूच्या जगाने त्याची दोन उत्तरं शोधली आहेत.

पहिलं स्पर्धांचं. कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या स्पर्धेत मांस निनावी डब्यात परीक्षकांसमोर येतं. एका टेबलावर सहा परीक्षक. ते आपसात बोलत नाहीत आणि एका नमुन्याची दुसऱ्याशी तुलना न करता प्रत्येकाला ९ ते २ गुण देतात. सगळ्यात कमी गुण देणाऱ्याचे गुण वगळले जातात. रूप, चव आणि मऊपणा या तीन गोष्टींना भार ठरलेला आहे: रूपाला ०.५६, मऊपणाला १.१४२८, चवीला २.२९७२. बेरीज ४. म्हणजे चवीचा वाटा निम्म्याहून जास्त, रूपाचा फक्त १४ टक्के. आणि वलयाला गुण द्यायचे नाहीत, असं परीक्षकांना शिकवलं जातं, कारण ते नकली आणता येतं. मी हे आधी वाचलं असतं तर पाहुण्यांचा जबडा वाचला असता. फक्त लक्षात ठेवा, स्पर्धेत परीक्षक एक-दोन घास खातात. त्या घासासाठी केलेलं मांस आणि पोटभर जेवणाचं मांस एकच असेल असं नाही.

दुसरं उत्तर यंत्राचं. शिजलेल्या मांसातून तंतूंच्या दिशेने १.२७ सेंटिमीटर व्यासाची नळकांडी काढायची आणि ती उलट्या ‘व्ही’ आकाराच्या पात्याने आडवी कापायची. कापायला जास्तीत जास्त किती बल लागलं, ते नोंदवायचं. या चाचणीला वॉर्नर-ब्रॅट्झलर म्हणतात. त्यातल्या ब्रॅट्झलर यांचं यावरचं काम १९३२ सालचा पदव्युत्तर प्रबंध होता. हो, एमएस्सीच्या पातळीवरचा प्रबंध! जवळपास शतक होत आलं तरी जगभरच्या मांसविज्ञानाच्या प्रयोगशाळांत तो वापरात आहे. आपल्या प्रबंधाला ‘नुसता पदवीपुरता’ म्हणणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

पण यंत्रालाही मर्यादा आहेत. ते कापायचं बल मोजतं, रस आणि चव नाही. आणि ब्रिस्केटमध्ये बल जितकं कमी तितकं चांगलं, असंही नाही. भुगा झालेल्या मांसाला बल सगळ्यात कमी लागेल. आकडा अचूक असला म्हणून तो आपल्या प्रश्नाचं उत्तर असतोच असं नाही.

आणखी एक सापळा, ज्यात मी स्वतः वहीत नोंदी करताना पडले. एका ठिकाणी पाच काप खाल्ले, पाचही आवडले, ‘पाचपैकी पाच’ असं लिहिलं. पण ते पाचही काप एकाच ब्रिस्केटचे होते! म्हणजे नमुना पाचचा नाही, एकचाच. दुसऱ्या दिवशी वेगळं जनावर, वेगळं लाकूड, कदाचित रात्रपाळीला वेगळा माणूस. रेस्टॉरंटबद्दल बोलायचं असेल तर वेगवेगळ्या दिवशी जायला हवं. एकाच उंदराच्या रक्ताच्या पाच नळ्या म्हणजे पाच उंदीर नव्हेत, हे आपल्याला प्रयोगशाळेत कळतं आणि जेवणाच्या टेबलावर विसरायला होतं. खरं सांगायचं तर प्रयोगशाळेतही विसरायला होतं.

माझ्या प्रस्तावाचं काय झालं?

त्या कोरड्या जेवणानंतर महिनाभराने मी समितीपुढे प्रस्ताव मांडणार होते. विषय होता, मोबाइलच्या कॅमेऱ्याने ट्यूना माशाच्या कापाचा रंग टिपून त्याचा ताजेपणा ठरवणं. ताजा ट्यूना लाल असतो, शिळा होताना तपकिरी पडतो. लालपणा मोजला की ताजेपणा कळला. सहा महिन्यांचे प्राथमिक आकडे होते, आलेख सुरेख सरळ रेषेत होते.

पाहुण्यांच्या वाक्याने डिवचलं गेल्यामुळे मी वलयाचं रसायनशास्त्र वाचत होते. कार्बन मोनॉक्साइड मायोग्लोबिनला चिकटतं आणि रंग गोठवतं, इथे आले आणि हात थांबला. ट्यूनाचा लाल रंगही मायोग्लोबिनचाच. आणि ट्यूनाला कार्बन मोनॉक्साइड किंवा गाळलेला धूर देऊन लाल ठेवण्याची पद्धत व्यापारात आहे. युरोपीय संघ आणि जपान तिला परवानगी देत नाहीत, अमेरिकेत असा मासा विकला जातो. असा मासा आतून खराब होत गेला तरी लालच राहतो. माझी पद्धत त्याला ‘ताजा’ म्हणून पास करणार होती. नेमका जो मासा पकडायला हवा, तोच सुटणार होता आणि तो खाऊन कोणीतरी आजारी पडू शकलं असतं. मी वलयच मोजत होते, फक्त यावेळी माशाचं.

प्रस्ताव बदलला. ताजेपणासाठी आता के-मूल्य मोजते. मासा मेल्यावर त्याच्या स्नायूतलं एटीपी टप्प्याटप्प्याने तुटत जातं, त्या तुकड्यांच्या प्रमाणावरून हे मूल्य काढतात. काम जास्त, वेळ जास्त, आलेख पूर्वीइतके देखणे नाहीत. रंगाचा रकाना ठेवलाय, पण सोबत कार्बन मोनॉक्साइड दिलेले नमुने मुद्दाम घेतलेत. तो माझा ओला स्पंज.

तुम्ही पेट किंवा नेटची तयारी करत असाल, विषय शोधत असाल, तर आज एक काम करा. तुमच्या विषयातला मुख्य शब्द लिहा: दर्जा, परिणामकारकता, जागरूकता, सुपीकता, जे असेल ते. त्याखाली, तुम्ही प्रत्यक्ष काय मोजणार आहात ते लिहा. मग दोन उदाहरणं शोधा. एक, जिथे तुमचं मोजमाप ‘चांगलं’ म्हणेल, पण गोष्ट वाईट असेल. दुसरं, जिथे मोजमाप ‘वाईट’ म्हणेल, पण गोष्ट चांगली असेल. सापडली, तर तुमच्या पद्धतीत काय भर घालायची ते तुम्हाला समितीच्या आधी कळलं. सापडलीच नाहीत, तर तुमच्या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणालातरी विचारा. त्यांना बहुतेक लगेच सापडतील.

ते पाहुणे प्राध्यापक यंदा पुन्हा आले होते. यावेळी मी त्यांना ज्या ठिकाणी नेलं, तिथे आधी चार वेगवेगळ्या शनिवारी जाऊन आले होते. लीनचा काप बोटावर झुकला, ओढल्यावर हलकेच सुटला. वलय अगदी पुसट होतं. त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं.